गिअरच्या दांड्यातील फेरबदल

गिअरच्या दांड्यातील फेरबदल म्हणजे हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या मोटारगाडीचा दांडा, त्याची मूठ, त्याचा टेकू किंवा दांडा व गिअरपेटी यांना जोडणारे सांधे यांत कारखान्यातील मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करणे होय. दांड्याचा पल्ला कमी करणे, झिजलेल्या सांध्यांमुळे आलेला ढिलेपणा घालवणे, मूठ हाताला सोयीची करणे अथवा शारीरिक मर्यादा असलेल्या चालकास गाडी चालवता यावी अशी योजना करणे, हे अशा फेरबदलांचे मुख्य हेतू असतात. पल्ला कमी केलेल्या दांड्यास वाहनप्रेमींच्या भाषेत ‘शॉर्ट शिफ्टर’ असे म्हणतात. यांपैकी काही कामे सामान्य हत्यारांच्या साहाय्याने घरी करता येतात. मात्र दांडा हा चालकाचा हात आणि गाडीची चाके यांमधील साखळीतील महत्त्वाचा दुवा असल्याने चुकीच्या फेरबदलाचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

संज्ञा

चालकाच्या हाताशी असणाऱ्या भागास दांडा अथवा गिअर लिव्हर म्हणतात. त्याच्या टोकावरील गोळा म्हणजे मूठ किंवा नॉब. दांडा ज्या गोलाकार सांध्यावर फिरतो तो त्याचा टेकू होय. न्यूट्रलपासून गिअर पूर्ण पडेपर्यंत मूठ जेवढे अंतर सरकते त्यास या लेखात पल्ला म्हटले आहे. दांड्याच्या हालचाली दोन प्रकारच्या असतात. डावी-उजवीकडील हालचालीने गिअरची जोडी निवडली जाते, तर पुढे-मागे हालचालीने त्या जोडीपैकी एक गिअर प्रत्यक्ष पडतो. या दोन्ही हालचाली मिळून इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी आकृती तयार होते. बोलीत ‘गिअर टाकणे’, ‘गिअर पडणे’ आणि ‘गिअर निसटणे’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत.

इतिहास

सरकत्या दंतचक्रांची गिअरपेटी फ्रान्समधील पानार ए लव्हासोर या कंपनीने १८९० च्या दशकात मोटारगाडीत रूढ केली. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत दांडा चालकाच्या आसनाच्या बाहेरील बाजूस असे. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत खाचांच्या चौकटीतून फिरणारा दांडा देण्यात आला आणि आजची परिचित मांडणी हळूहळू स्थिरावली. त्या काळी गिअर बदलताना दंतचक्रांचा वेग जुळवण्याचे कौशल्य चालकाच्या अंगी असावे लागे. त्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागे. १९२८ मध्ये कॅडिलॅकने समवेगी जोडणी (सिंक्रोमेश) असलेली गिअरपेटी आणली आणि वेग जुळवण्याचे काम यंत्राकडे गेले.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दांडा जमिनीवरून उचलून सुकाणूच्या खांबावर बसवण्याची पद्धत आली. त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघांना बसता येऊ लागले. परंतु या मांडणीत दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत अनेक सळ्या व सांधे लागत. ते झिजले की दांडा ढिला पडे आणि घाईने गिअर बदलताना सळ्या एकमेकींत अडकत. अमेरिकेतील शर्यतप्रेमी तरुणांनी आपल्या गाड्यांत पुन्हा जमिनीवरचा दांडा बसवण्यास आरंभ केला. ही गरज ओळखून जॉर्ज हर्स्ट यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीवरील मजबूत दांड्याचे संच तयार करण्याचा व्यवसाय उभारला. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओ या गाडीत हर्स्टचा दांडा कारखान्यातूनच बसवून येत असे. हौशी मंडळींनी सुरू केलेला फेरबदल अशा रीतीने मूळ निर्मितीचा भाग झाला.

भारतात हिंदुस्तान ॲम्बॅसॅडर आणि मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांचा दांडा दीर्घकाळ सुकाणूच्या खांबावर होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रवाशांना तो चांगलाच परिचित होता. पुढे इसुझू इंजिन असलेल्या ॲम्बॅसॅडरमध्ये जमिनीवरील दांडा आला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीत दांडा जमिनीवर होता आणि तिच्या प्रसारानंतर हीच मांडणी सर्वसामान्य झाली.

रचना

दांडा गिअरपेटीशी कसा जोडलेला आहे, यावर कोणता फेरबदल शक्य आहे हे ठरते. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

थेट जोडणी: इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या व मागील चाकांना गती देणाऱ्या अनेक गाड्यांत दांड्याचे खालचे टोक थेट गिअरपेटीत उतरते. माझ्दा एमएक्स-५ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या रचनेत सांधे कमी असल्याने दांड्याची हालचाल नेमकी असते, मात्र गिअरपेटीची थरथर मुठीपर्यंत पोहोचते.

सळईची जोडणी: आडव्या इंजिनाच्या जुन्या गाड्यांत दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत पोलादी सळई जाते. मारुती ८०० मध्ये ही रचना आहे. सळईच्या टोकांशी रबराचे वा नायलॉनचे बुश असतात. ते झिजल्यास दांडा सैल हलू लागतो.

केबलची जोडणी: आडव्या इंजिनाच्या बहुतेक आधुनिक गाड्यांत दोन केबल असतात. एक निवडीची हालचाल पोहोचवते, तर दुसरी गिअर टाकण्याची. केबलमुळे गिअरपेटीची थरथर कमी पोहोचते व मांडणीचे स्वातंत्र्य मिळते, परंतु केबल ताणली वा गंजली की नेमकेपणा जातो.

या तिन्ही प्रकारांत गिअरपेटीच्या आत काटे असतात. ते सरकते कडे ढकलून गिअर जोडतात. स्प्रिंगने दाबलेल्या पोलादी गोळ्या खाचेत बसून पडलेला गिअर जागी धरून ठेवतात. गिअर पडताना हाताला जाणवणारा ‘खट्’ हा त्या गोळीचाच असतो. एकाच वेळी दोन गिअर पडू नयेत यासाठी स्वतंत्र अडसर असतो.

तरफेचे गणित

गिअरचा दांडा ही शालेय विज्ञानातील पहिल्या प्रकारची तरफ होय. टेकू मध्ये, चालकाचे बल वरच्या टोकाला आणि भार खालच्या टोकाला असतो. मुठीपासून टेकूपर्यंतचे अंतर म्हणजे बलभुजा, तर टेकूपासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे भारभुजा. गिअर टाकण्यासाठी खालचे टोक किती सरकले पाहिजे हे गिअरपेटी ठरवते. मुठीचा पल्ला मात्र दोन भुजांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो.

समजा, बलभुजा २४० मिमी, भारभुजा ६० मिमी आणि खालच्या टोकाची आवश्यक हालचाल १५ मिमी आहे. गुणोत्तर ४ असल्याने मुठीचा पल्ला ६० मिमी होईल. हा पल्ला ४५ मिमी करावयाचा, म्हणजे एक चतुर्थांशाने घटवावयाचा असल्यास गुणोत्तर ३ झाले पाहिजे. ते दोन मार्गांनी साधते. पहिल्या मार्गात दांडा वरून ६० मिमी कापला जातो. बलभुजा १८० मिमी होते व मूठ तेवढीच खाली येते. दुसऱ्या मार्गात दांड्याची एकूण ३०० मिमी लांबी तशीच ठेवून टेकू केवळ १५ मिमी वर सरकवला जातो. बलभुजा २२५ मिमी व भारभुजा ७५ मिमी होऊन गुणोत्तर ३ होते. थोडक्या बदलात मोठा परिणाम साधत असल्याने बाजारातील बहुतेक शॉर्ट शिफ्टर भारभुजा वाढवण्याच्या तत्त्वावरच आधारलेले असतात.

पल्ला घटल्याची किंमत बलाच्या रूपाने द्यावी लागते. खालच्या टोकाला १२० न्यूटन बल लागत असेल, तर मूळ दांड्यावर हाताला ३० न्यूटन बल लावावे लागते. बदललेल्या दांड्यावर तेच ४० न्यूटन होते. ३० न्यूटन व ६० मिमी किंवा ४० न्यूटन व ४५ मिमी, दोन्हींचा गुणाकार १.८ ज्यूल एवढाच येतो. कार्य वाचत नाही, केवळ त्याची वाटणी बदलते. म्हणूनच निर्माते सर्व वयांच्या व सर्व ताकदीच्या चालकांचा विचार करून पल्ला थोडा मोठा ठेवतात.

फेरबदलाचे प्रकार

मूठ बदलणे: हा सर्वांत सोपा फेरबदल आहे. अनेक गाड्यांत मूठ आट्यांवर बसवलेली असते व डावीकडे फिरवल्यास निघते. आट्यांचे माप निर्मात्यानुसार वेगळे असते. होंडाच्या अनेक गाड्यांत ते १० मिमी व्यास आणि १.५ मिमी अंतर, माझ्दाच्या अनेक गाड्यांत १० मिमी व १.२५ मिमी, तर टोयोटाच्या अनेक गाड्यांत १२ मिमी व १.२५ मिमी असते. मापात न बसणारी मूठ जोराने फिरवल्यास दांड्याचे आटे मोडतात. जड मुठीच्या जडत्वामुळे हाताची गती सलग राहते व गिअर हलका पडल्यासारखा वाटतो. धातूची मूठ उन्हाळ्यात बंद गाडीत हात भाजण्याइतकी तापू शकते.

बुश बदलणे: झिजलेले रबरी बुश काढून नवे मूळ बुश बसवणे ही खरे तर दुरुस्तीच होय. त्याऐवजी पॉलियुरेथेन, कठीण प्लास्टिक वा पितळ यांचे बुश बसवल्यास तो फेरबदल ठरतो. दांडा घट्ट होतो, पण आवाज व थरथर वाढते. जुन्या गाडीत केवळ नवे मूळ बुश बसवल्यानेच पुष्कळदा अपेक्षित परिणाम मिळतो.

दांडा कापणे: दांडा करवतीने कापून नव्याने आटे पाडणे हा घरगुती उपाय जुना आहे. तो केवळ भरीव, एकसंध दांड्यावर शक्य असतो. अनेक दांडे दोन भागांचे असून त्यांच्यामध्ये थरथर शोषणारे रबर असते. काहींच्या आतून वा बाजूने रिव्हर्सच्या अडसराची तार जाते. असा दांडा कापल्यास तो निकामी होतो अथवा रिव्हर्सचा अडसर नाहीसा होतो.

शॉर्ट शिफ्टर बसवणे: यात संपूर्ण दांडा बदलला जातो किंवा टेकूखाली उंचवटा दिला जातो. केबलच्या रचनेत बदल गिअरपेटीकडील टोकावरही करता येतो. तेथील भुजेची लांबी बदलल्याने तोच परिणाम साधतो.

थांबे बसवणे: हर्स्टच्या दांड्यांचे एक वैशिष्ट्य म्हणजे जुळवून घेता येणारे थांबे. गिअर पूर्ण पडल्यावर दांडा थांब्याला टेकतो. त्यामुळे चालकाचा अतिरिक्त जोर गिअरपेटीतील काट्यांवर न येता थांब्यावर येतो.

फेरबदलापूर्वीचे निदान

गिअर जड पडतो म्हणून दांडा बदलण्याचा विचार अनेकदा केला जातो, परंतु दोष दांड्यात नसतोच. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडत असतील आणि इंजिन चालू असताना पडत नसतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. दोन्ही वेळा दांडा जड असेल, तर केबल, सळई किंवा बुश तपासावेत. एकाच ठरावीक गिअरला खरखर होत असेल, तर त्या गिअरची समवेगी जोडणी झिजलेली असण्याचा संभव अधिक असतो. चालू गाडीत गिअर आपोआप निसटत असेल, तर काटे, पोलादी गोळ्यांच्या स्प्रिंग किंवा इंजिनाचे रबरी आधार तपासणे आवश्यक असते. तेल कमी असणे वा चुकीचे असणे हेही कारण संभवते. शॉर्ट शिफ्टरमुळे यांपैकी एकही दोष दूर होत नाही, उलट जोर वाढल्याने दोष बळावतो.

घरी करण्याच्या कामाचा क्रम

थेट जोडणीच्या गाडीत दांडा बदलण्याचे काम सामान्यतः पुढील क्रमाने केले जाते. केबलच्या वा सळईच्या गाडीत तपशील बदलतात. प्रत्येक गाडीसाठी निर्मात्याची दुरुस्ती पुस्तिका प्रमाण मानावी.

१. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना पुढून-मागून अडण लावावी. गाडीखाली जावयाचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये, पक्के स्टँड लावावेत.

२. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवावा. अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रक मधल्या खोक्याखाली, दांड्याजवळच असते. त्यामुळे बॅटरीची ऋण तार आधीच सोडवावी व पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

३. मूठ, चामड्याचे आवरण, मधले प्लास्टिकचे खोके व त्याखालील रबरी आवरण या क्रमाने काढावे. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेऊन ठेवल्यास जोडणी करताना गोंधळ होत नाही.

४. टेकूभोवतीची धूळ आधी पुसून मगच बोल्ट काढावेत. दांडा वर ओढून काढल्यावर उघडे भोक लगेच स्वच्छ कापडाने झाकावे. त्यात पडलेला एखादा वॉशर काढण्यासाठी संपूर्ण गिअरपेटी उतरवण्याची वेळ येऊ शकते.

५. खालच्या टोकावरील व टेकूवरील जुने बुश तपासून गरजेप्रमाणे बदलावेत. वंगण पुस्तिकेप्रमाणेच वापरावे. खनिज तेलाचे ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवते. काही गाड्यांत दांड्याच्या कोनाड्यात स्वतंत्र तेल असते, तेही बदलावे.

६. नवा दांडा बसवून बोल्ट नेमलेल्या जोराने आवळावेत. फाटलेले रबरी आवरण पुन्हा वापरू नये, कारण त्यातून धूर, उष्णता व चिखलपाणी आत येते.

७. इंजिन बंद ठेवून व क्लच दाबून प्रत्येक गिअर अनेकदा टाकून पाहावा. दांडा कोठेही खोक्याला टेकता कामा नये. टेकल्यास गिअर पूर्ण न पडता अर्धवट अडकतो आणि चालत्या गाडीत निसटतो. रिव्हर्सचा अडसर पूर्वीप्रमाणे काम करतो याची खात्री करावी.

८. त्यानंतरच मोकळ्या जागेत, कमी वेगाने चाचणी घ्यावी. काही दिवसांनी सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

दांडा गाडीत असताना त्याला वेल्डिंग करणे सर्वथा टाळावे. वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या विद्युत नियंत्रकांना व बेअरिंगना इजा करू शकतो, प्लास्टिकचे बुश वितळतात आणि गालिच्याला आग लागण्याचा धोका असतो. शिवाय जोडाजवळ ठिसूळ झालेला दांडा पुढे गिअर बदलतानाच तुटू शकतो.

परिणाम आणि गैरसमज

शॉर्ट शिफ्टरमुळे गिअरपेटी जलद होते, हा समज अर्धसत्य आहे. हाताचे अंतर कमी होते, परंतु समवेगी जोडणीला वेग जुळवण्यास लागणारा वेळ घर्षणावर व दाबावर अवलंबून असतो. चालकाने घाईने जोर लावल्यास सहसा पितळी असणाऱ्या समवेगी कड्यांवरील दाब वाढतो व त्यांची झीज लवकर होते. संयमाने चालवणाऱ्याच्या हाती मात्र असा दांडा वर्षानुवर्षे निर्धोक चालतो.

दुसरा परिणाम निवडीच्या हालचालीवर होतो. दोन्ही दिशांचा पल्ला कमी झाल्यास गिअरच्या जागा एकमेकींच्या जवळ येतात. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडल्यास इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातात, झडपा व पिस्टन यांची टक्कर होऊ शकते, चाके एकाएकी मंदावून गाडी घसरू शकते. इंजिनातील विद्युत नियंत्रक इंधन तोडून फेरे मर्यादित ठेवतो हे खरे, परंतु चाकांकडून उलट आलेली गती तो थांबवू शकत नाही.

दांड्यावर सतत हात ठेवून गाडी चालवण्याची सवयही हानिकारक असते. हाताच्या भाराने काटा फिरत्या कड्यावर घासत राहतो व झिजतो.

कायदेशीर बाजू

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निर्णयात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेला बुश किंवा मूळ बनावटीचा दांडा बदलणे ही देखभाल होय. मूळ रचनेत बदल करण्यापूर्वी मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे श्रेयस्कर ठरते. फेरबदलामुळे हमी नाकारली जाऊ शकते व अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

अनुकूलित वाहने

दांड्यातील फेरबदलाचा सर्वांत मोलाचा उपयोग शारीरिक मर्यादा असलेल्या चालकांसाठी होतो. डाव्या पायात बळ नसलेल्या व्यक्तीसाठी क्लच हाताने चालवण्याची योजना दांड्याशी जोडता येते. मनगट किंवा बोटे अशक्त असणाऱ्यांसाठी मोठी, पकडीस सोपी मूठ अथवा लांब दांडा उपयोगी पडतो. येथे तरफेचे गणित उलट दिशेने वापरले जाते. पल्ला वाढतो व लागणारे बल घटते. २०१९ च्या दुरुस्तीने ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा अधिनियमात समाविष्ट केली असून अशा बदलांना विहित पद्धतीने मान्यता मिळते. हे काम घरगुती प्रयोगाचे नसून जाणकार कारागिराकडून करून घ्यावे लागते व त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करावी लागते.

सद्यस्थिती

केवळ दोन पायटे असलेल्या स्वयंचलित गाड्यांचा प्रसार वाढत आहे. भारतात २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओ या गाडीने हाताच्या गिअरपेटीलाच यांत्रिक हात जोडून स्वयंचलित करण्याची पद्धत सामान्य ग्राहकापर्यंत नेली. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना तर अनेक गिअरची गरजच नसते. त्यामुळे गिअरच्या दांड्यातील फेरबदल हा विषय हळूहळू जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या आणि हौशी चालकांच्या वर्तुळात सीमित होत आहे. तरफ, टेकू आणि भुजा यांचे नियम प्रत्यक्ष हातात अनुभवण्याचे साधन म्हणून विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कायम आहे.